भारत देशाची ओळख : टिटवाळ्याच्या अंगणातून

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत ‘आपला देश’ हा विषय येतो तेव्हा बहुतेक ठिकाणी अध्यापनाचा आरंभ आकड्यांपासून होतो. भारताचे क्षेत्रफळ ३२,८७,२६३ चौरस किलोमीटर, उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर, पूर्व-पश्चिम रुंदी २,९३३ किलोमीटर, राज्ये २८, केंद्रशासित प्रदेश ८. हे आकडे खरे आहेत, मुले ते पाठही करतात व परीक्षेत बिनचूक लिहितात. परंतु ज्या मुलाचा प्रवास आजवर कल्याणच्या बाजारापलीकडे झालेला नाही, त्याच्या मनात बत्तीस लाख व बत्तीस हजार यांत काहीच अंतर नसते. टिटवाळा व त्याच्या आसपासच्या खेड्यांतील शाळा पाहता पाहता माझे असे मत बनले आहे की, देशाची ओळख करून देण्याचे पुष्कळसे साहित्य आपल्या शाळांच्या अंगणात, नदीच्या काठी व रेल्वेच्या फलाटावर आयते पडलेले आहे. आपण मात्र ते सोडून भिंतीवरच्या नकाशाकडे पाठ फिरवून उभे राहतो व काठीने नावे दाखवितो.

एका शाळेत इयत्ता चौथीच्या वर्गास मी सहज विचारले, “भारत देश कोठे आहे?” एक चुणचुणीत मुलगी उठली आणि भिंतीवरील नकाशाकडे बोट करून म्हणाली, “गुरुजी, तो तिथे.” वर्ग हसला नाही, कारण सर्वांचे उत्तर तेच होते. “आणि आपण कोठे आहोत?” या प्रश्नास “टिटवाळ्याजवळ” असे उत्तर आले. भारत भिंतीवर आणि आपण टिटवाळ्याजवळ, ही दोन स्थाने त्या मुलांच्या मनात एकमेकांस कोठेही मिळत नव्हती. वर्गपाठ उत्तम झालेला होता, नद्यांची नावे तोंडपाठ होती. मुले देशात राहत असूनही देशाबाहेर उभी होती.

यावर पहिला उपाय अगदी साधा आहे. नकाशा भिंतीवरून खाली उतरवावा व जमिनीवर अंथरावा. भिंतीवर टांगलेल्या नकाशात उत्तर ‘वर’ व दक्षिण ‘खाली’ असते, त्यामुळे हिमालय आकाशाकडे आहे व सर्व नद्या कन्याकुमारीकडे वाहत ‘खाली’ येतात असा विलक्षण समज मुलांच्या मनात घर करतो. अंथरलेला नकाशा दिशांप्रमाणे फिरवून ठेवला म्हणजे उत्तर हा नकाशाचा माथा न राहता माहुलीच्या डोंगराची बाजू होते, पूर्वेस सह्याद्रीची रांग येते आणि पश्चिमेस समुद्र. उत्तर दिशा निश्चित करण्यास होकायंत्र हवेच असे नाही. एक हात लांबीची सरळ काठी ओळंबा लावून अंगणात रोवावी, साडेअकरापासून सव्वा वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करावी. सर्वांत आखूड सावलीची रेषा ही उत्तर-दक्षिण रेषा होय. येथे एक सूचना आवश्यक आहे. आपली गावे सुमारे १९ अंश १८ कलांच्या अक्षवृत्तावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहेत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी आपल्या माथ्याच्या उत्तरेस असतो व सावली दक्षिणेकडे पडते. शाळा उघडल्याबरोबर जूनमध्ये हा प्रयोग करू पाहणाऱ्याची दिशाभूल होण्याचा संभव आहे. त्या दिवसांत बहुधा ढगच सूर्य दिसू देत नाहीत हा भाग वेगळा. दिवाळीनंतरचे निरभ्र दिवस या कामी उत्तम.

या प्रयोगात मुलांना एक गोष्ट खटकते व ती खटकलीच पाहिजे. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडत नाही. टिटवाळ्यास ती सरासरीने १२ वाजून ३७ मिनिटांनी पडते. ऋतुमानाप्रमाणे हा क्षण साधारण १२.२० ते १२.५० यांच्या दरम्यान मागेपुढे सरकतो. घड्याळ चुकीचे आहे काय? नाही. आपले घड्याळ उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० कला पूर्व रेखावृत्तावरील वेळ दाखविते, आणि आपण त्या रेखावृत्ताच्या नऊ अंशांहून अधिक पश्चिमेस आहोत. एका अंशास चार मिनिटे, या हिशेबाने सूर्य आपल्या माथ्याशी सदतीस मिनिटे उशिरा येतो. मुंबई शहराने १९०६ नंतरही कित्येक वर्षे आपली स्वतंत्र स्थानिक वेळ पाळली होती व ती भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे, ही हकिगत येथे सांगितल्यास मुले ती विसरत नाहीत. पुढे एकच पायरी उरते. गुजरातच्या पश्चिम टोकापासून अरुणाचल प्रदेशाच्या पूर्व टोकापर्यंत सुमारे २९ रेखांश आहेत, म्हणजे सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचा फरक. टिटवाळ्याचा मुलगा अंथरुणात असतो तेव्हा लोहित नदीच्या खोऱ्यातील मुलगा उन्हात बसलेला असतो, आणि दोघांच्या शाळेतील घड्याळांत एकच वेळ असते. ‘विशाल देश’ हा शब्द उच्चारण्याआधी मुलांनी तो काठीच्या सावलीत पाहिलेला असतो.

अंतरांची जाणीव पावलांनी द्यावी. एक पाऊल म्हणजे शंभर किलोमीटर असे ठरवून अंगणात एक मुलगा ‘टिटवाळा’ म्हणून उभा करावा. त्याच्या दक्षिणेस सुमारे बारा पावलांवर कन्याकुमारी, उत्तरेस वीस पावलांवर लडाखचे उत्तर टोक, पश्चिमेस फार तर पाच पावलांवर देशाची कड, आणि पूर्वेस मात्र चोवीस पावले. आपण देशाच्या मध्यभागी नसून पश्चिमेच्या कडेस उभे आहोत, हे ज्ञान पुष्कळ मुलांना, आणि खरे सांगावयाचे तर काही शिक्षकांनाही, नवे असते. या प्रमाणात टिटवाळा ते कल्याण हे दहा किलोमीटरचे अंतर पावलाचा दहावा हिस्सा, म्हणजे चारेक बोटे भरते. लोकल गाडीस त्या अंतरास पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. त्याच गतीने, कोठेही न उतरता, देशाच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत जावयाचे तर तीन दिवस व तीन रात्रींहून अधिक काळ गाडीत बसावे लागेल. हा गुणाकार मुलांकडूनच करवून घ्यावा.

आता भूरचनेकडे वळू. पुस्तकात पर्वत, मैदान, पठार, वाळवंट, किनारा व बेटे असे विभाग दिलेले असतात आणि ते क्रमाने शिकविले जातात. आपल्या भागातील मुलांसाठी मला याहून चांगला क्रम रेल्वेचा वाटतो. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, १८५४ मध्ये ती कल्याणला आली आणि १८५५ मध्ये कल्याण-वासिंद हा टप्पा उघडून लोहमार्ग आपल्या टिटवाळ्यावरून गेला. पुढे कसाऱ्यास पोहोचावयास १८६१ साल उजाडले आणि कसाऱ्याहून इगतपुरीचा घाट चढण्यास १८६५. सपाटीवरील मार्गास लागलेला काळ व एका घाटास लागलेला काळ यांची तुलना केली म्हणजे सह्याद्री म्हणजे काय याचे वेगळे स्पष्टीकरण करावे लागत नाही. मुंबईपासून टिटवाळा ६४ किलोमीटर, कसारा १२१ व इगतपुरी १३७. कसारा-इगतपुरी या अवघ्या सोळा किलोमीटरांत गाडी सुमारे तीनशे मीटर वर चढते. चढ सदतीस फुटांस एक फूट इतका कडक असल्यामुळे मागून जादा इंजिने जोडावी लागतात. रेल्वेतील लोक त्यांस ‘बँकर’ म्हणतात. वर गेल्यावर गाडी पलीकडे खाली उतरत नाही, सुमारे सहाशे मीटर उंचीवर सरळ धावू लागते, हे मुलांकडून नीट वदवून घ्यावे. कारण येथेच पठाराची व्याख्या आहे. डोंगर चढलो, पण उतार आला नाही.

पावसाचा धडाही याच मार्गावर आहे. समुद्रावरून आलेले ढग आपल्या ठाणे जिल्ह्यात २,५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस देतात, घाटमाथ्यावर इगतपुरीस ३,००० मिलिमीटरांच्याही वर. आणि तेथून जेमतेम पन्नास किलोमीटरांवरील नाशिकला सातशेच्या आसपासच. खाली भात व नागली, वर बाजरी व गहू. भाकरी कोणत्या धान्याची हे डोंगर ठरवितो. ज्या मुलांचे नातलग नाशिककडे आहेत त्यांना हा फरक ताटातच माहीत असतो, त्यास नाव तेवढे आपण द्यावयाचे.

नद्यांच्या बाबतीत आपल्या शाळा विशेष भाग्यवान आहेत. काळू नदी मुरबाडच्या बाजूने, सह्याद्रीच्या पायथ्यावरून येते, उल्हासला मिळते आणि ते पाणी कल्याणवरून खाडीने वसईजवळ समुद्रास जाते. रुंद्याजवळचा काळूवरील पूल कित्येक पावसाळ्यांत पाण्याखाली गेलेला आपल्या मुलांनी पाहिलेला आहे आणि त्यामुळे बुडालेली शाळाही त्यांच्या लक्षात आहे. उल्हासची एकूण लांबी सव्वाशे किलोमीटरांच्या आतलीच. डोंगर व समुद्र यांच्यामध्ये जागाच थोडी, म्हणून कोकणातील नद्या आखूड व धावत्या. याच्या शेजारी एक नवल मांडावे. त्र्यंबकेश्वरच्या परिसरातील डोंगरांतून दोन नद्या निघतात. वैतरणा पश्चिमेस वळते, आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यातून येते, मुंबईस पिण्याचे पाणी देते व अरबी समुद्रास मिळते. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावून पूर्वेस वळते आणि १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरास जाते. उगमापासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरांच्याही आत असताना ती त्याच्याकडे पाठ का फिरविते? हा प्रश्न फळ्यावर लिहून एक दिवस तसाच ठेवावा. दक्षिणेचे पठार पूर्वेकडे कलते आहे, हे उत्तर मुले अंगणात वाळूचा उतार करून व त्यावर तांब्याने पाणी ओतून स्वतः शोधून काढतात.

इगतपुरीच्या पुढे मार्ग मनमाडवरून भुसावळला जातो. तेथे काळी कपाशीची जमीन, केळीच्या बागा, व पश्चिमेस वाहणारी तापी. पुढे सातपुड्याच्या खिंडीतून बुऱ्हाणपूर, खांडवा, इटारसी. नंतर नर्मदेचे खोरे, तीही पश्चिमवाहिनी. जबलपूर-सतनावरून गाडी उतरते ती गंगा-यमुनेच्या मैदानात, प्रयागराजला. येथे मी शिक्षकांना एक प्रश्न विचारीत असतो. प्रयागराज समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटर आत आहे, इगतपुरी शंभरही नाही. अधिक उंच कोणते? बहुतेक जण प्रयागराज म्हणतात. वस्तुतः इगतपुरी सहाशे मीटरांवर आहे व प्रयागराज शंभर मीटरांच्या आसपास. समुद्रापासून दूर म्हणजे उंच, ही समजूत येथे मोडते. सातशे किलोमीटरांत केवळ शंभर मीटर उतार असलेली नदी धावणार कशी? ती पसरते, गाळ टाकते, पात्र बदलते. हिमालयाच्या गाळाने भरलेले ते सपाट, सुपीक व दाट वस्तीचे मैदान आणि त्याचे महापूर ही दोन्ही त्या एका आकड्यातून निघतात.

परंतु या लोहमार्गावर सर्वस्वी विसंबून चालणार नाही. टिटवाळ्याच्या फलाटावरून धडधडत जाणाऱ्या लांबच्या गाड्यांवरील पाट्या मुलांकडून आठवडाभर टिपून घ्याव्यात. हावडा, वाराणसी, पाटणा, गुवाहाटी, फिरोजपूर अशी नावे मिळतील. चेन्नई, बेंगळुरू, कन्याकुमारी ही नावे मिळणार नाहीत. तिकडील गाड्या कल्याणहून कर्जतकडे वळतात, कोकण व केरळच्या गाड्या पनवेलवरून जातात, गुजरात व राजस्थानच्या बहुतेक गाड्या पश्चिम रेल्वेने. म्हणजे आपल्या मुलांच्या डोळ्यांदेखत जो भारत जातो तो निम्माच आहे. उरलेला निम्मा, म्हणजे कावेरीचे खोरे, नारळाची किनारपट्टी, थरचे वाळवंट, अंदमान-निकोबार व लक्षद्वीपची बेटे, शिक्षकाने प्रयत्नपूर्वक आणावयाचा आहे. माझा अनुभव असा की दक्षिण भारताचा पाठ सर्वांत घाईने उरकला जातो, आणि ईशान्येकडील राज्यांची तर केवळ यादी वाचली जाते.

या कामी पावसाची नोंदवही फार उपयोगी पडते. नैऋत्य मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला येतो, मुंबईत ११ जूनला, व ८ जुलैपर्यंत सारा देश व्यापतो. परतीचा प्रवास राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो. या सर्वसाधारण तारखा हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारून दिलेल्या आहेत, जुन्या पुस्तकांत निराळ्या आढळतील. वर्तमानपत्रातील बातमी पाहून पाऊस आज कोठे पोहोचला ती रेषा नकाशावर मुलांनी रोज काढावी. प्रत्यक्ष तारखा व सर्वसाधारण तारखा यांतील अंतर दिसेल, ते तसेच नोंदवावे. आपल्याकडे पाऊस संपून भात कापणीस येते तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पावसाळा सुरू होत असतो, हे मुलांना कळते तेव्हा ‘पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर’ हे वाक्य आपल्या गावापुरते खरे आहे हेही कळते. मेघालयातील मौसिनरामला वर्षास ११,००० मिलिमीटरांहून अधिक आणि जैसलमेरला दोनशेहूनही कमी हे आकडे त्यानंतर सांगावेत, आधी नव्हे.

भूगोलाचे सर्वांत मोठे साधन अद्याप सांगावयाचे राहिले. ते वर्गातच बसलेले असते. काळू-उल्हासच्या काठच्या वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर कुटुंबे येतात, त्यांत आपल्याच जिल्ह्यातील कातकरी आहेत व दूरचेही आहेत. भिवंडीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणातील माणसे काम करतात. जवळचे उल्हासनगर तर १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांसाठी उभे राहिले व आपल्या नदीचे नाव त्याने घेतले. सिंधी ही अशी भाषा की तिचा मूळ प्रांत फाळणीत सीमेपलीकडे राहिला, पण १९६७ मध्ये तिला आपल्या संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. १९५० साली त्या अनुसूचीत १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक, हिंदी व बंगालीखालोखाल तिसरे. इतके सर्व दहा-पंधरा किलोमीटरांच्या परिघात असताना ‘भारतात अनेक भाषा बोलल्या जातात’ हे वाक्य मुलांनी पुस्तकातून पाठ करावे, हे मला शोभादायक वाटत नाही.

आणि येथे एक गंभीर गोष्ट आहे. बाहेरून आलेले मूल वर्गात बहुधा मागे बसते. त्यास मराठी नीट येत नाही, म्हणून त्यास काहीच येत नाही असे धरले जाते. हजेरीपटावर ते चार महिने असते, मग नाव कमी होते. एकदा अशाच एका मुलास मी त्याच्या गावाकडील विहिरीस किती खोल पाणी आहे, शेतात काय पिकते, गाडी किती वेळा बदलावी लागते असे विचारले. मोडक्या मराठीत त्याने जे सांगितले ते पाठ्यपुस्तकातील दोन पानांइतके होते. तोपर्यंत त्याचे गाव कोणते हे वर्गात कोणी विचारलेलेच नव्हते. देशाचा पाठ चालू असताना ज्या मुलास ‘तू इथला नव्हेस’ असे वाटते, त्याच्यापुरता तो पाठ वाया गेलेला असतो. भट्टीवरच्या कातकरी मुलाचेही तेच. कोणत्या महिन्यात कोणत्या नदीकाठी काम मिळते हे त्यास ठाऊक असते, त्यास भूगोल म्हणतात हे मात्र त्यास कोणी सांगितलेले नसते. अशा मुलांस पाहुणे म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून अंगणातील त्या पावलांच्या नकाशावर उभे करावे, व आपले गाव कोठे आहे ते दाखवावयास सांगावे.

टिटवाळ्याची एक आख्यायिका येथे सहज उपयोगी पडते. कण्वमुनींचा आश्रम येथे होता व शकुंतला येथे वाढली, अशी आपल्याकडील परंपरा आहे. उत्तराखंडात कोटद्वारजवळ मालिनी नदीच्या काठीही कण्वाश्रम दाखवितात, आणि महाभारतातही आश्रम मालिनीच्या तीरी सांगितला आहे. खरा आश्रम कोणता या वादात शिक्षकांनी पडू नये. शकुंतलेच्या पुत्रावरून या देशास भारत म्हणतात अशी एक परंपरा आहे, आणि त्या पुत्राच्या आजोळावर हिमालयाच्या पायथ्याचे लोक व काळूकाठचे लोक दोघेही हक्क सांगतात, एवढे सांगून दोन्ही ठिकाणे नकाशावर दाखवावीत. मधले अंतर मुलांना पावलांनी मोजू द्यावे.

शेवटी नकाशांविषयी. पुष्कळ शाळांत टांगलेले नकाशे जुने आहेत. त्यांत तेलंगण नसेल तर तो २ जून २०१४ पूर्वीचा, लडाख वेगळे नसेल तर ३१ ऑक्टोबर २०१९ पूर्वीचा. ठाणे जिल्ह्याच्या नकाशात जव्हार-डहाणू दिसत असतील तर तो १ ऑगस्ट २०१४ पूर्वीचा, पालघर जिल्हा तेव्हा झाला. असे नकाशे टाकून देऊ नयेत. नवा नकाशा आणून जुना त्याच्या शेजारी टांगावा व काय बदलले, काय बदलले नाही हे मुलांना शोधावयास सांगावे. नद्या व डोंगर जागच्या जागी सापडतील, रेषा तेवढ्या हललेल्या. किनाऱ्याच्या लांबीबाबत मात्र गोंधळ संभवतो. आजवर आपण ७,५१६ किलोमीटर शिकवीत आलो, अलीकडे केंद्र सरकारने फेरमोजणी करून ती सुमारे ११,०९९ किलोमीटर दिली आहे. समुद्र वाढला नाही, की जमीन वाढली नाही. पूर्वी लहान प्रमाणाच्या नकाशावर मोजले होते, आता मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर प्रत्येक खाडी व वळण धरून मोजले. मुलांनी शंका घेतल्यास काळूचा एखादा वळणाचा काठ आधी लांब दोरीने व मग आखूड काठीने मोजून दाखवावा. दुसरे माप नेहमी अधिक भरते. दोरी मोजण्यास दोन मुले पुरतात, पण हे काम पाणी उतरल्यावर, मार्गशीर्षात, व शिक्षकांनी स्वतः काठावर उभे राहूनच करावे.